जुन्या बुलेटचं वायरिंग नव्याने, कमीत कमी आणि खाऱ्या हवेत टिकेल असं

खाडीकाठ

गाडी बुलेट ३५०, सत्तरच्या दशकातली, वडिलांच्या मामांची. मूळची ६ व्होल्ट, मधल्या कुणीतरी १२ व्होल्ट करून ठेवलेली. मुक्काम गुहागर तालुक्यात, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. मी पुण्यात, त्यामुळे गाडी रस्त्यावर येते ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. बाकी वर्षभर पडवीत ताडपत्रीखाली.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. दुखणं सगळं वायरिंगचं. पाऊस लागला की हेडलाइट मंद. हॉर्न दाबला की इंजिन एखादा ठोका गिळतं. कधी कधी चावी फिरवूनही सगळं मेलेलं, आणि हँडल उजवीकडे वळवलं की गाडी जिवंत.

शेवटी हेडलाइटची रिंग काढून आत बघितलं. वायरी कधीकाळी वेगवेगळ्या रंगांच्या असतील, आता सगळ्या मळकट तपकिरी. जोड पिळून केलेले, वर चिकटपट्टी, तिचा डिंक वितळून बोटांना लागतो. एका जोडाची पट्टी सोडली तर आतलं तांबं शेवाळासारखं हिरवं, चिमटीत धरलं तर त्याचा भुगा झाला. एक जाड लाल वायर डब्यात येते, वेटोळं घेते आणि कुठेच जात नाही. तिचं दुसरं टोक थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज नाही! कधीकाळी अलार्म होता म्हणे.

तर जुनं सगळं उपटून नव्याने करायचं ठरवलंय. हवं ते: इग्निशन, हेडलाइट वर-खाली, मागचा दिवा, ब्रेक लाइट, हॉर्न. नको ते: मागाहून लावलेले इंडिकेटर आणि त्यांचा फ्लॅशर, मोबाइल चार्जर, अलार्मचे अवशेष. अँपिअर मीटरही काढावा म्हणतोय, सगळा करंट त्याच्यातून जातो आणि त्याचे मागचे नट ढिले आहेत. बॅटरीच्या जागी कपॅसिटर (क्षणापुरती वीज साठवणारा भाग) बसवावा असाही विचार आहे, कारण दर खेपेला आलो की बॅटरी मेलेली असते.

आंतरजालावरचे डायग्राम बघितले, प्रत्येकात रंग वेगळे. जाणकारांनी मत द्यावं.

सोलकढी

धागा वाखुत (वाचनखुणांत) टाकला. आमच्या पडवीतही असंच एक धूड उभं आहे.

पॉइंटगॅप

हँडल वळवल्यावर गाडी जिवंत होते, यातच अर्धं निदान आहे. संशयित दोन. एक, टाकीखालून हेडलाइटकडे जाणारी वायर मानेपाशी आतल्या आत तुटली आहे आणि वरचं कव्हर तिला धरून आहे. दोन, हेडलाइटच्या डब्याला स्वतःचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटच्या परतीची जोडणी) नाही आणि करंट हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांमधून चासीत उतरतोय. ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून! तपासायला सोपं आहे. एक लांब वायर घे, एक टोक डब्याच्या उघड्या लोखंडाला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. गाडी सुधारली तर आजार अर्थचा.

पण त्याआधी बॅटरीचं कुठलं टोक चासीला जोडलंय ते बघ. लुकास कंपनीची विजेची उपकरणं असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह चासीला असायचं. आपल्याकडच्या जुन्या गाडीत मधल्या हातांनी काय उलटंपालटं केलंय याचा भरवसा नाही. बॅटरी उलटी लावलीस तर रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) जागच्या जागी जाईल.

आता मुख्य मुद्दा. तू वायरी कमी करायला निघाला आहेस. माझं म्हणणं, कमी करायचे ते जोड. कोकणात वायर मरत नाही, जोड मरतात. मूळ गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर, परतीचा रस्ता चासीतून. म्हणजे मागच्या दिव्याचा करंट मडगार्डचा बोल्ट, मग मडगार्ड, मग त्याचा स्टे, मग चासी असा प्रवास करतो, आणि प्रत्येक ठिकाणी गंज आणि रंगाचा थर. डायग्रामवर हे सगळं एका छोट्या खुणेत मावतं, म्हणून साधं वाटतं. त्यापेक्षा हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्नला परतीची स्वतंत्र काळी वायर दे, सगळ्या काळ्या वायरी बॅटरीजवळ एकाच बोल्टला आण, आणि तिथून एक जाड वायर इंजिनाला. वायरी वाढल्या, पण बिघडायच्या जागा निम्म्यावर आल्या. चासी पावडर कोटिंग करून आणणार असशील तर हे करावंच लागेल. कोटिंग विजेला अडवतं, आणि रंगवून आणलेली गाडी 'सगळं नवीन टाकूनही' चालू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

किती फरक पडतो? साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. १२ व्होल्टमधला १ व्होल्ट वाटेत गळाला तर उजेड साधारण पाव भागाने जातो. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढंच नुकसान व्हायला अर्धा व्होल्ट पुरतो. 'जुन्या गाड्यांचे दिवे मंदच असायचे' ही तक्रार पुष्कळदा गंजलेल्या बोल्टबद्दलची असते.

तांबडीमाती

पॉइंटगॅप यांना +१.

आमची गाडी जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडाली होती. पाणी उतरल्यावर वरून धुतली, वाळवली, सुरू झाली, आम्ही खूश. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकेक दिवा गेला. वायर कापून बघितली तर कव्हर ठणठणीत, आतलं तांबं टोकापासून वीतभर आतपर्यंत काळं ठिक्कर. पाणी तारांच्या मधल्या फटींतून आत चढत जातं. अशा काळ्या तांब्यावर ना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायचं धातूचं टोक) नीट बसतं, ना डाग (सोल्डर). पूर पाहिलेलं वायरिंग दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या.

भरतीओहोटी

रे बाबा, अँपिअर मीटर काढू नको हां! गाडी चालू कशी करतलंस मगे? चावी दी, किक हळूहळू दाब, काटो मायनसात गेलो काय थांब, अजून थोडी दाब, काटो मधी इलो काय पॉइंट (ठिणगी पाडूचो स्विच) उघाडले समज. मगे डीकॉम्प (इंजिनातलो दाब सोडूचो खटको) दाबून किक थोडी फुडे, आणि मगेच लाथ घाल. आमच्या तात्यांनी माका ह्याच शिकवल्यानी. काटो नाय तर पाय मोडून घेतलंस.

खाडीकाठ

@भरतीओहोटी, हा मुद्दा बिनतोड आहे. मामाही तसंच करायचे. पण त्या मीटरच्या मागे उघडे स्क्रू आहेत, डबा लोखंडी आहे, आणि बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला फ्यूज नाही. मला ती भीती आहे. मीटर काढून व्होल्टमीटर बसवला तर?

दर्यावर्दी

व्होल्टमीटर चार्जिंग होतंय की नाही ते जास्त खरं सांगतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, आणि जरा रेस दिल्यावर १४ ते १४.५. या पट्ट्यात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), ऑल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारा), बॅटरी तिन्ही ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. अँपिअर मीटरचा काटा जुन्या बुलेटवर नुसता थरथरत असतो, त्यावरून काय कळणार?

पॉइंट उघडल्याचं कळायला पॉइंटच्या समांतर एक छोटा एलईडी लावा. पॉइंट मिटलेले असताना विझलेला, उघडले की पेटतो. झालं काम.

पॉइंटगॅप

तो एलईडी पहिल्या किकला जाईल. पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगीच्या कॉइलच्या प्रायमरीवर (पहिल्या वेटोळ्यावर) दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, तो झेलायला तर कंडेन्सर असतो. लावायचाच तर पुरेसा रेझिस्टर आणि उलट दिशेचा डायोड हवा. म्हणजे साधेपणाच्या नावाखाली आणखी दोन सुटे भाग आणि चार जोड. जुना साधा बल्ब टायमिंग लावताना इंजिन बंद ठेवून वापरतात तो वेगळा, तो तात्पुरता.

मीटर राहू दे. सुरक्षित करणं अवघड नाही. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, मग पुढे काहीही घासलं तरी गाडी पेटणार नाही. मीटरच्या मागच्या थिंबलांवर रबरी टोप्या. नट नवीन, खाली स्प्रिंग वॉशर. ढिला नटच तापतो, मीटर नव्हे. आणि हिशोब बघ: ३५ वॉटचा हेडलाइट ३ अँपिअरच्या आत, मागचा दिवा अर्धा, ब्रेक लाइट पावणेदोन, कॉइल पॉइंट मिटलेले असताना साधारण तीन-चार. हे काही मीटरला झेपणार नाही असं ओझं नाही. हॉर्नला मात्र बॅटरीकडून वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज दे, मीटरला वगळून. तू हॉर्न दाबल्यावर इंजिन ठोका गिळतं ते दोघांची अरुंद वाट एकच असल्यामुळे.

मालवणी_मसाला

अँपिअर मीटर विरुद्ध व्होल्टमीटर! चला, शतकी धाग्याची सोय झाली. ह. घ्या. (हलके घ्या.)

दर्यावर्दी

बरं, मीटर ठेवा. वायरीबद्दल मात्र माझं ऐका. आमचं काम बंदरावरचं, होड्यांची वायरिंग करतो. गाड्यांच्या दुकानातली साधी तांब्याची वायर समुद्राकाठी वापरू नये. होडीसाठी येते ती कल्हई केलेली वायर घ्या. आतल्या प्रत्येक बारीक तारेवर टिनचा मुलामा असतो, सोलल्यावर चंदेरी दिसते. महाग पडते, पण एका मोटरसायकलला लागते किती? दिव्यांना १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला दीड, बॅटरी ते फ्यूज आणि इंजिनाचा अर्थ अडीच. याहून जाड घेऊन फायदा नाही, मानेपाशी वळत नाही.

आणि डाग देऊ नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर तुटते. बुलेटच्या हादऱ्यात तर नक्की. नीट पकडीने दाबलेलं थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. तापवल्यावर कडेने गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की समजायचं आत हवा जाणार नाही. कपलरमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं).

तांबडीमाती

डाग न देण्याबद्दल असहमत. आमच्या आळीतले वायरमन आयुष्यभर डागच देत आले. थिंबल दाबायची चांगली पकड कितीजणांकडे असते? साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल ओढलं की हातात येतं. त्यापेक्षा डाग बरा.

दर्यावर्दी

पक्कडीने चेपलेल्या थिंबलापेक्षा डाग बरा, मान्य. मग त्या डागानंतरची दोन बोटं वायर कशाला तरी बांधून टाका, म्हणजे ती हलणार नाही. पण रॅचेटची पकड आता काही सोन्याच्या भावात मिळत नाही. आणि प्रत्येक थिंबल दाबल्यावर जोरात ओढून बघायचं. सुटायचंच असेल तर घरी सुटू दे.

आणखी एक. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झुकणारा छोटा झोल द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी ठिपकतं, कपलरपर्यंत चढत नाही. होड्यांत हे पहिल्या दिवशी शिकवतात.

घाटवाट

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळं ठरेल असा फेरफार करता येत नाही. मागाहून लावलेले इंडिकेटर काढणं म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं, त्यात कुणी हरकत घ्यावी असं मला वाटत नाही. हात दाखवायची सवय मात्र करा, मागच्या पर्यटकाला त्याचा अर्थ कळेल ही अपेक्षा न ठेवता. हॉर्न, हेडलाइट, मागचा लाल दिवा, ब्रेक लाइट यांना हात लावू नका. 'मिनिमल' म्हणून ब्रेक लाइट उडवणारे महाभाग पाहिलेत मी.

दुसरं, गाडीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. २०२१ च्या नियमांनुसार नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. गणपतीत बाजारहाटाला न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी. रच्याकने (जाता जाता), १२ व्होल्ट केलेलं ते लोक कसं बघतात हे अर्ज करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

खाडीकाठ

@घाटवाट, धन्यवाद, साधीच नोंदणी ठेवतो. मासे आणायला जायला व्हिंटेज नंबर कशाला!

कपॅसिटरचं कुणी सांगेल का?

पॉइंटगॅप

कपॅसिटरवर गाडी चालते. किकवर सुरू होणाऱ्या, चुंबकाचा ऑल्टरनेटर असलेल्या गाडीवर १०,००० मायक्रोफॅरडच्या आसपासचा, किमान २५ व्होल्टचा, शक्यतो ३५ चा कपॅसिटर बॅटरीच्या जागी बसतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी लुकासही असा कपॅसिटर द्यायचं.

पण तुझ्यासाठी नको. किक मारण्याआधी साठवलेली वीजच नसेल तर चावी दिल्यावर अँपिअर मीटरचा काटा हलणार कशाच्या जोरावर? वर भरतीओहोटींनी सांगितलेली सगळी रीत गेली. इंजिन बंद केलं की एकही दिवा नाही. संध्याकाळी दाभोळ-धोपावे फेरीला रांगेत उभा राहिलास की मागची गाडी तुला बघणार कशी? हळू चालताना हॉर्न कुथतो. आणि रेग्युलेटर गेला तर बॅटरी तो जादा व्होल्टेज बराचसा पिऊन टाकते, कपॅसिटर नाही. एका दमात सगळे बल्ब जातात.

तुझी अडचण बॅटरी मरण्याची आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर निगेटिव्ह टोकाला फिरकीचा कट-ऑफ लाव. (अर्थ निगेटिव्हच निघाला असं गृहीत धरून सांगतोय.) जाताना फिरकी काढून खिशात. गळती थांबते आणि चोरालाही थोडं काम पडतं. तरी बॅटरी आपोआप हळूहळू उतरतेच, म्हणून जमलं तर सोबत पुण्याला नेऊन अधूनमधून चार्ज कर.

येझदीवाला

आमच्या येझदीला ६ व्होल्टचा डायनॅमो आहे. वरचं सगळं तिलाही लागू का? १२ व्होल्ट करावी का?

पॉइंटगॅप

अर्थ, थिंबल, फ्यूज सगळं लागू. १२ व्होल्टचा भाग वेगळा. बुलेटचा ऑल्टरनेटर कायम चुंबकाचा, त्याला पुढे १२ व्होल्टचा रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी, बल्ब, हॉर्न दिले की तो निभावतो. डायनॅमोत चुंबकत्व फील्डच्या वेटोळ्यातून येतं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून त्यातून १२ काढतात, पण चार्जिंग सुरू व्हायला रेस जास्त लागते. गावातल्या गावात दुसऱ्या गिअरवर फिरणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. मी तुमच्या जागी ६ च ठेवीन, पॉइंटसारखे दिसणारे जुने कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ करीन आणि मागचा दिवा ६ व्होल्टचा एलईडी करीन. तेवढाच करंट हेडलाइटला वाचतो.

खाडीकाठ

धागा वर काढतोय. काम झालं.

आधी जुन्या वायरिंगवर मोजमाप घेतलं, म्हणजे नंतर तुलना करता येईल. हेडलाइट चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला (निगेटिव्हच अर्थ निघाला), दुसरं बल्बच्या अर्थला. खरं तर शून्याच्या जवळ यायला हवं, आलं ०.९. म्हणजे जवळजवळ १ व्होल्ट नुसता परतीच्या वाटेवर. मग पॉझिटिव्ह बाजू तशीच मोजली, तिथे ०.६ गळत होता. बॅटरीवर १२.४, बल्बला १०.९. आता दोन्ही बाजू मिळून ०.३ आहे. आवाठातल्या (वाडीतल्या) काकूंनी 'लाइट बदललास काय?' असं विचारलं. बल्ब तोच आहे.

मांडणी अशी केली. बॅटरीपासून १५ चा मुख्य फ्यूज, तिथून अँपिअर मीटर, मग चावी. चावीनंतर दोन फाटे: एक कॉइलला, एक दिव्यांना, दिव्यांच्या फाट्याला वेगळा १० चा फ्यूज. त्यामुळे रात्री घाटात दिव्यांत कुठे शॉर्ट झालाच तर इंजिन तरी चालू राहील. (यावर घरात वाद झाला. भावाचं म्हणणं, दिवा नसताना इंजिन चालू राहून काय उपयोग? निदान रस्त्याच्या कडेला तरी घेता येते, हे माझं उत्तर.) हॉर्न बॅटरीवरून वेगळा, ५ च्या फ्यूजवर. तिन्ही फ्यूज टूलबॉक्समध्ये, पाते फ्यूज, कुठल्याही गावात मिळतात. एकेक जादाचाही तिथेच.

हेडलाइटच्या डब्यात आता स्विच आणि मीटरची थिंबलं सोडली तर एकही जोड नाही. वायरी सलग टाकीखालून मागे जातात. मानेपाशी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, ताण येत नाही एवढा ढिलेपणा ठेवला आणि तेवढ्या भागावर जाड स्लीव्ह चढवली. रंग मला हवे तसे घेतले आणि डायग्राम काढून, प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली चिकटवला. पुढच्या माणसाने मला शिव्या देऊ नयेत.

भरतीओहोटी, काटो अजून हलता!

भरतीओहोटी

बेस केलंस. आता किक मारताना चप्पल नको, बूट घाल.

तांबडीमाती

छान झालंय. ऑल्टरनेटरच्या वायरींचं काय केलं? चेनकेसमधून (इंजिन-क्लचच्या साखळीच्या तेलभरल्या डब्यातून) बाहेर येतात त्या. आमच्या गाडीच्या तेलात राहून काचेसारख्या कडक झाल्यात, वाकवल्या की कव्हर तडकतं.

पॉइंटगॅप

त्या बाहेरून बदलता येत नाहीत, चेनकेस उघडावीच लागते. तोवर त्यांना वाकवू नका. इंजिन बंद ठेवून, कपलर सोडवून प्रत्येक वायर आणि चासी यांच्यामध्ये मीटर लावा. वायरींचा चासीशी संबंध दिसता कामा नये. दिसला तर कव्हर आत कुठेतरी फुटलंय. संबंध नसेल तर तेल सोसणारी स्लीव्ह बाहेरच्या भागावर चढवा. चेनकेस उघडाल तेव्हा वायरींबरोबर रबरी ग्रोमेटही नवीन टाका, नाहीतर तेल वायरीवरून सरकत कपलरपर्यंत येतं.

खाडीकाठ

माझ्या मऊ आहेत अजून. चेनकेस मे महिन्यात उघडणारच आहे, क्लचच्या प्लेटा घसरतात. ग्रोमेट आणून ठेवतो.